मंजूर यादीतला सारथी

यज्ञेश्वरराव बोरामणीकरांना लोकांना सल्ला देण्याची सवय पहिल्यापासून होती. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर सरकारने तिच्यावर शिक्का मारला, इतकंच. खाकी पाकिटातून पत्र आलं. जिल्हा लोककला साहाय्य समितीने ग्रामीण कलापथकांना 'योग्य ते मार्गदर्शन' करण्यासाठी त्यांची मानद सल्लागार म्हणून नेमणूक केली होती. मानद म्हणजे पगार नाही, हे त्यांच्या पत्नीने, अनसूयाबाईंनी, पहिल्याच वाचनात ओळखलं. यज्ञेश्वररावांनी मात्र पत्र तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं.

"तुम्हाला गाण्या-नाचातलं काय कळतं हो?" अनसूयाबाईंनी विचारलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरीच शंका होती.

"गाण्या-नाचातलं त्यांचं त्यांना कळतं. अर्जातलं कळत नाही. तिथं मी."

यात खोटं काही नव्हतं. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि अर्जातली चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. निवृत्तीनंतरचं दीड वर्ष त्यांनी वाण्याच्या यादीतल्या चुका काढण्यात घालवलं होतं, आणि घरातल्या माणसांना ते जड जात होतं.

त्यांनी दारावर पाटी लावली: 'य. गो. बोरामणीकर, मानद सल्लागार'. सोलापूरच्या बाळीवेशीजवळच्या त्या बोळात पाटी लागण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दोन पत्रिका घेऊन आले आणि गुण जुळतात का विचारू लागले. त्याच संध्याकाळी एका म्हाताऱ्याने धोतर वर करून सुजलेला गुडघा दाखवला. शेजारचे सिद्रामप्पा हे सगळं आपल्या ओट्यावरून बघत होते. सिद्रामप्पांचं ज्वारीचं दुकान होतं. ते घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलत, आणि हसत मात्र दोन्हीकडे सारखंच.

"राव, कशाचा सल्ला ते लिवा की पाटीवर," ते म्हणाले. "न्हाईतर उद्या कोन म्हस घेऊन येतंय बगा."

यज्ञेश्वररावांनी पाटीवर 'लोककला' हा शब्द वाढवला. तिसऱ्या दिवशी एक जण लग्नाच्या वरातीला बँड ठरवायला आला. त्यानंतर त्यांनी पाटी काढून आत खुंटीला टांगली आणि सुतार नीट बसवून देणार आहे असं सगळ्यांना सांगितलं.

समितीकडून पहिलं प्रकरण आलं ते चिक्कळ्ळीच्या बयलाट मंडळाचं. दुधनीला पॅसेंजरमधून उतरून बैलगाडीने तासभर आत गेलं की चिक्कळ्ळी. बयलाट म्हणजे उघड्यावर रात्री सुरू होऊन दिवस उजाडल्यावर संपणारं कानडी नाटक. त्यात राजे, राक्षस, पदं, झांजा, सगळं असतं. मंडळाच्या पेटाऱ्याला वाळवी लागून राजाचा किरीट, खांद्यावरच्या भुजकीर्ती, राणीचा शालू, सगळ्याचा भुगा झाला होता. शिवरात्रीनंतरच्या जत्रेत खेळ करायचा तर नवा साज हवा, आणि तो समिती देऊ शकत होती. साज नाही तर खेळ नाही. बहात्तरच्या दुष्काळातही आम्ही खेळ चुकवला नाही, असं अर्जात लिहिलं होतं. यज्ञेश्वररावांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मोघम'.

मग ते स्वतःच गावी गेले. देवळापुढच्या कट्ट्यावर मंडळ जमलं होतं. राजाचं काम करणारा चनबसप्पा एरवी पिठाची गिरणी चालवत असे, त्यामुळे त्याच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या. राणीचं काम भिमाकडे होतं. जत्रेच्या चार दिवस आधी तो मिशी काढत असे आणि उरलेलं वर्ष ती जपत असे. आणि सारथ्याचं काम गुरुबसप्पाकडे. साठी कधीच ओलांडलेला, वाळका, कमी बोलणारा हा म्हातारा अंबाडीचे दोर वळून पोट भरत होता. सगळे त्याला अज्जा म्हणत.

यज्ञेश्वररावांनी फॉर्म उघडला. संस्थेची स्थापना केव्हा, या प्रश्नावर कट्ट्यावर अर्धा तास चर्चा झाली.

"अज्जाच्या अज्जानं सुरू केलंय की," चनबसप्पा म्हणाला.

"तारीख लागेल."

"तवा तारखा कुटं हुत्या, सायेब?"

शेवटी एक एप्रिल ही तारीख यज्ञेश्वररावांनीच दिली, कारण सरकारी वर्षाची सुरुवात तिथून करायची त्यांच्या हाताला सवय होती. अध्यक्ष कोण, यावर मात्र वाद झाला नाही. राजा असताना दुसरा अध्यक्ष कसा होईल, असं सगळ्यांचं मत पडलं. महिला सदस्यांच्या रकान्यात राणी म्हणून भिमाचं नाव घालावं की काय, यावर यज्ञेश्वरराव बराच वेळ घुटमळले. भिमाची काही हरकत नव्हती. शेवटी त्यांनी आडवी रेघ मारली.

हा फॉर्म आठ दिवसांनी परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'पूर्तता करून सादर करावे.' हा शेरा यज्ञेश्वररावांनी स्वतः हजारो अर्जांवर मारलेला होता, आणि मारणारा कारकून त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. कशाची पूर्तता ते लिहायचं नसतं, हेही त्यांनीच त्याला शिकवलं होतं. ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्रीच्या जेवणात आमटीत मीठ नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. अनसूयाबाई खऱ्या घाबरल्या त्या तेव्हा.

पूर्तता झाली, पण तेवढ्यात पुढचं पत्र आलं. सोलापुरातल्या एका शाळेच्या सभागृहात सकाळी अकरा वाजता समितीच्या साहेबांपुढे खेळाचा नमुना सादर करायचा होता. वेळ वीस मिनिटं.

सिद्रामप्पांनी ते वाचलं आणि पत्राची घडी घालून परत दिली. "राव, ईस मिंटांत आमच्यात गणपतीचं पद पन व्हत न्हाई. सायबाला रातभर बशीवा म्हनावं चिक्कळ्ळीत."

"तसं सांगता येत नाही. नियम आहे."

"मग राजाला दुसरं काम बगा."

यज्ञेश्वरराव घड्याळ आणि लाल पेन्सिल घेऊन पुन्हा चिक्कळ्ळीला गेले. भर दुपारी कट्ट्यावर तालीम सुरू झाली. झांजा वाजल्या, राजा वीरकेतू आत आला, आणि सारथ्याने दोन पावलं पुढे येऊन विचारलं, "आपण कोण?" बयलाटात असंच असतं. राजा असो, राक्षस असो, कुणीही आपणहून बोलत नाही. सारथ्याने विचारायचं, मग त्याने सांगायचं. आपण कोण, कुणाचे, कुठून आलात, कशासाठी आलात. वीरकेतूने आपल्या सात पिढ्या सांगितल्या. प्रत्येक पिढीला गुरुबसप्पा एकच शब्द घालत होता, "बरं," आणि त्या 'बरं'नंतर राजाला आणखी उत्साह येत होता. राजधानीच्या पूर्व वेशीचं वर्णन चाललं होतं तेव्हा यज्ञेश्वररावांनी घड्याळ पाहिलं. पंचावन्न मिनिटं झाली होती आणि वेशी अजून तीन राहिल्या होत्या.

कथेत सारथी काहीच करत नव्हता. लढत नव्हता, मरत नव्हता, लग्नही करत नव्हता. नुसता विचारत होता. यज्ञेश्वररावांनी हेडक्लार्कच्या सरळ बुद्धीने निर्णय घेतला आणि वहीत लिहिलं: 'सारथी हे पात्र अनावश्यक. वगळावे.' मग ते मोठ्याने वाचून दाखवलं.

भिमाने मिशीवर हात फिरवला.

"अज्जा चाळीस वर्सं करतोय, सायेब," चनबसप्पा म्हणाला.

"नमुन्यापुरतं हो. वेळेत बसायला पाहिजे."

गुरुबसप्पाने मान हलवली. "सायेब कागद वाचलेलं मानूस हाय. तेंनी म्हनत्यात तर बरोबरच असंल," तो म्हणाला, आणि हातातल्या झांजा फडक्यात बांधून शेजारच्या माणसाकडे दिल्या. यज्ञेश्वररावांना काम फार सोपं झाल्यासारखं वाटलं.

नमुन्याच्या दिवशी सकाळच्या गाडीने मंडळ आलं. अनसूयाबाईंनी बारा माणसांसाठी पोहे केले आणि भिमाला शालू म्हणून आपलं जुनं इरकल लुगडं नेसवून दिलं. त्याला निऱ्या त्यांच्याहून चांगल्या येत होत्या. राजाला किरीट नव्हता, म्हणून सिद्रामप्पांनी आपला लग्नातला जरीचा पटका दिला आणि तो परत देण्याबद्दल सहा वेळा बजावलं. गुरुबसप्पाही आला होता. धुतलेलं धोतर, पांढरा पटका, हात गुडघ्यांवर ठेवून तो प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसला.

सभागृहात शाळेची पोरं, मास्तर, बाहेरून आवाज ऐकून आत आलेली विणकर वस्तीतली माणसं, बरीच गर्दी झाली. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. झांजा वाजल्या आणि राजा वीरकेतू आत आला. त्याने गदा खांद्यावर घेतली, छाती काढली, रंगमंचाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

आणि उभाच राहिला.

एक मिनिट झालं. राजाने गदा दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. चनबसप्पाने आयुष्यात विचारल्याशिवाय राजाचं एकही वाक्य म्हटलं नव्हतं; न विचारता बोलायचं म्हणजे कुणी हाक मारली नसताना ओ देण्यासारखं. त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. गुरुबसप्पा जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

यज्ञेश्वररावांनी पडद्याआडून त्याला हातांनी खुणा केल्या. म्हाताऱ्याने त्या पाहिल्या आणि नम्रपणे मान हलवली. कागदात नाही म्हणजे नाही.

तीन मिनिटं झाली. मागच्या रांगेतलं पोर हसलं. साहेबांनी घड्याळ उचलून पाहिलं. आता खेळ जाणार, साज जाणार, आणि चिक्कळ्ळीच्या जत्रेत या वर्षी काही नाही, ते आपल्यामुळे, हे यज्ञेश्वररावांना लख्ख दिसलं. कोट, टोपी, कानावर पेन्सिल, अशा अवस्थेत ते रंगमंचावर गेले. बत्तीस वर्षांत समोर येऊन गप्प उभ्या राहिलेल्या माणसाला जे विचारलं, तेच त्यांनी विचारलं.

"नाव?"

चनबसप्पाच्या चेहऱ्यावर पाऊस पडल्यासारखं समाधान पसरलं. "वीरकेतू!"

"संपूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव?"

राजाने कानडीत सात पिढ्या सांगितल्या. यज्ञेश्वररावांची कानडी बाजारापुरती होती, त्यामुळे तिसऱ्या पिढीला त्यांनी "पुढे" म्हटलं. लोक हसले.

"राहणार?"

राजाने आठ दिशांना गदा फिरवली. "हल्लीचा मुक्काम?" राजाने रथ दाखवला; रथ नव्हता, पण दाखवला. "येण्याचं कारण?"

"दिग्विजय."

"कायम की तात्पुरता?"

हे कुठल्याच बयलाटात कुणी विचारलेलं नव्हतं. चनबसप्पा क्षणभर अडखळला, मग गर्जना करून म्हणाला की सूर्य-चंद्र आहेत तोवर. "म्हणजे कायम," म्हणून यज्ञेश्वररावांनी ते सवयीने वहीत टिपलं. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मास्तर हसत होते, विणकर हसत होते, साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. यज्ञेश्वरराव एकटे हसत नव्हते. आपण इतकं शिस्तशीर काम करत असताना लोकांना हसायला काय झालं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. वीस मिनिटांचा सव्वा तास झाला, आणि कुणीही उठलं नाही.

"हा कारकुनी सारथी फार छान," साहेब म्हणाले. "तुमचं पूर्ण नाव?"

कुणी पूर्ण नाव विचारलं की ते सांगायचं, हे यज्ञेश्वररावांच्या रक्तात होतं. त्यांनी सांगितलं. साहेबांनी लिहिलं.

पंधरवड्याने मंजुरी आली. साज मंजूर. सोबत कलाकारांची मंजूर यादी: राजा चनबसप्पा, राणी भिमा, सारथी य. गो. बोरामणीकर. खाली टीप होती. यादीतल्या कलाकारांनीच जत्रेत खेळ करावा, समितीचा माणूस हजर राहील, अन्य व्यक्तीने काम केल्यास साज परत घेण्यात येईल.

"मग काय राव, दाढी पांढरी लावनार का काळी?" सिद्रामप्पांनी ओट्यावरून विचारलं, आणि पुढचे चार दिवस बोळातल्या प्रत्येकाला ती बातमी स्वतः जाऊन सांगितली.

यज्ञेश्वररावांनी कचेरीत जाऊन नाव दुरुस्त करून मागितलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारकुनाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि अत्यंत आदराने सांगितलं की यादीत बदल आता पुढच्या वर्षी. "तुम्हीच हा नियम बसवला होता, साहेब," तो म्हणाला. यज्ञेश्वररावांना ते आठवलं. चहा मात्र त्यांनी पूर्ण प्यायला.

जत्रेला पंधरा दिवस उरले असताना चनबसप्पा भुवयांवरच्या पिठासकट बोळात हजर झाला. "सायेब, अज्जा तालमीला येत न्हाई. घरात बसलाय. कागदात माजं नाव न्हाई म्हनतोय. तुमी तरी येताय न्हवं?"

"मी? रात्रभर? कानडीत?"

"मग कोन इचारनार आमाला?"

अनसूयाबाईंनी दाराआडून हे ऐकलं. चनबसप्पा गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला तुम्ही एकदा तरी विचारलंत का, की अज्जा, काय करू?"

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरराव सकाळच्या पॅसेंजरने निघाले, आणि दुधनीपर्यंत मांडीवर वही ठेवून काहीतरी लिहीत राहिले.

गुरुबसप्पा घरापुढच्या लिंबाखाली बसून दोर वळत होता. त्याची सून जगदेवी हिने पाणी आणि गूळ आणून ठेवला. चनबसप्पा गिरणी बंद करून मागोमाग आला. वळणाऱ्या हातांचा आवाज तेवढा येत होता.

"गुरुबसप्पा, माझं चुकलं," यज्ञेश्वरराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं, म्हटलंही नव्हतं. "त्या दिवशी मी तिथं उभा राहिलो. कसं वाटलं तुम्हाला?"

"सवाल ब्येस हुते," म्हातारा म्हणाला. "पर तुमी थांबत न्हाई, सायेब. इचारलं की ऐकायचं असतंय. राजा खोटं सांगत असंल तरीबी त्येला पुरतं सांगू द्याचं. नुसतं बरं म्हनायचं. तेवढंच काम हाय सारथ्याचं."

"मग ते तुम्ही करा."

"कागदात तुमचं नाव हाय की."

"म्हणून कागदच आणलाय," म्हणत यज्ञेश्वररावांनी वहीतून एक पान काढून चनबसप्पाकडे दिलं. "अध्यक्षांच्या नावे आहे. मोठ्याने वाचा."

चनबसप्पाने घसा साफ केला आणि राजाच्या आवाजात वाचू लागला. "मा. अध्यक्ष, चिक्कळ्ळी बयलाट मंडळ, यांस. विषय: रजा मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा मंजूर यादीतील सारथी आहे. अर्जदारास कानडी बाजारापुरतीच येत असल्याने व रात्रभर उभे राहण्याची सवय नसल्याने सारथी या पदावरून रजा मंजूर व्हावी. रजेच्या काळात सदर पदावर बदली म्हणून श्री. गुरुबसप्पा यांना नेमावे. कारण हे काम त्यांच्याइतके दुसऱ्या कोणासही येत नाही, हे अर्जदाराने स्वतः उभे राहून पाहिले आहे. प्रत समितीस माहितीसाठी."

"हे चालतंय?" चनबसप्पाने विचारलं.

"यादी बदललेली नाही. नाव माझंच आहे. माणूस रजेवर गेला की बदली नेमावाच लागतो. याला हरकत घेईल असा कारकून मी तयार केलेला नाही."

चनबसप्पाने तिथेच गुडघ्यावर कागद धरून अध्यक्ष म्हणून सही केली. गुरुबसप्पाचे हात थांबले होते. "त्येवढं शेवटचं परत वाच," तो म्हणाला. चनबसप्पाने ते परत वाचलं. म्हातारा ऐकून घेत होता. मग त्याने कागद हातात घेतला, वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलं न्हाई."

"तिथं रजेचे दिवस लिहायचे असतात."

"मग किती दिसाची रजा, सायेब?"

यज्ञेश्वररावांनी या वेळी घाई केली नाही. त्यांनी आधी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही उभे राहताय तोवर," ते म्हणाले.

"बरं," गुरुबसप्पा म्हणाला. मग अर्धा वळलेला दोर बाजूला ठेवून तो उठला आणि घराकडे तोंड करून म्हणाला, "जगदेवी, माजं धोतर धुवायला काड. जत्रा आली."